देवीने दिलेला मॅनेजर

टिळकवाडीतल्या आमच्या फुटबॉल क्लबात वकील जास्त आणि खेळाडू कमी होते. त्यामुळे मॅनेजर निवडायची वेळ आली तेव्हा भांडणाला तोटा पडला नाही. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी कोर्टात कारकून होतो आणि क्लबाकडून बचावात खेळायचो. माझा धाकटा भाऊ पुढच्या फळीत. त्या वर्षी एका सामन्यात त्याचा गुडघा निखळला होता. पाऊसकाळ सरेपर्यंत चेंडूला पाय लावायचा नाही, नाहीतर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवा मॅनेजर याला घरी बसू देईल का, एवढीच माझी काळजी होती.

उमेदवार दोन. एक आमचे ड्रॉइंग मास्तर. खेळाडूला शिंक आली तरी त्याला घरी पाठवणारे. दुसरे कॅम्पात राहणारे निवृत्त सुभेदार. ते हसले की फक्त दात दिसायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी भावाला मैदानाच्या कडेने चालवलं, बाजारात बैल बघावा तसा त्याचा गुडघा दाबून पाहिला आणि "चालंल" एवढंच म्हणाले.

कमिटीची मतं समसमान पडली. तेव्हा आमचे अध्यक्ष, इंग्रजी कायदा तोंडपाठ असलेले वकील, म्हणाले की देवीला कौल लावू. कुणी हसलं नाही. आमच्याकडे सोयरीक, विहीर, कोर्टातला दावा, सगळं कौलावर ठरायचं. मग फुटबॉलनेच काय घोडं मारलं होतं? खानापूरच्या बाजूला अध्यक्षांचं गाव होतं, तिथल्या देवळात गेलो. गुरवाने ओल्या फुलकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न एकच विचारायचा असतो. तो अध्यक्षांनी घातला: गोऱ्या पलटणीकडे असलेली सामन्यांची ढाल सुभेदारांच्या हातून आपल्याकडे येईल का?

गाभाऱ्यात वारा नव्हता. आम्ही कळ्यांकडे बघत उभे. अचानक उजवी कळी पडली, इतक्या झटक्यात की गुरवही दचकला. सगळ्यांनी हात जोडले, मास्तरांनीसुद्धा. मी सगळ्यांच्या शेवटी जोडले.

कौल मिळालेल्या माणसाला आमच्यात कुणी उलटून बोलत नाही. बोललं तर देवीलाच बोलल्यासारखं होतं. हे सुभेदारांना फार लवकर उमगलं. सराव संपल्याशिवाय पाणी नाही म्हणाले, कुणी मागितलं नाही. सुतकात असलेल्या गोलकीपरला निरोप धाडला, तो गुपचूप आला. आवाज ते कधीच चढवत नसत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. भाऊही सरावाला उतरू लागला, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन डॉक्टरांचं म्हणणं कानावर घातलं. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"मी काय त्याला बोलवायला गेलतो व्हय?" ते म्हणाले. "त्योच आलता."

घरी आलो तर भाऊ गुडघ्याला पट्टी आवळत बसला होता. तो म्हणाला, "देवीनं दिलेला माणूस हाय, अण्णा. त्येच्या हातनं वाईट कसं हुईल?"

मी चिडून म्हणालो, देवीला आपण ढालीचं विचारलं, तुझ्या पायाचं कुणी विचारलंच नाही. तसाच उठून अध्यक्षांकडे गेलो आणि पुन्हा कौल लावा म्हणून विनवलं. मिळालेल्या कौलावर दुसरा लावणं म्हणजे देवीची उलटतपासणी घेणं, असं म्हणून त्यांनी दार लोटलं.

पाऊसकाळ सरायच्या आतच पलटणीशी ढालीचा सामना कॅम्पातल्या मैदानावर झाला. गोरे बूट घालून, आमचे बहुतेक अनवाणी. बरोबरी सुटेना. शेवटी शेवटी सुभेदारांनी कडेवरून बोट उचललं आणि चेंडू भावाकडे गेला. त्याने तो मारला, त्याच क्षणी एका गोऱ्या सोजिराचा बूट त्याच्या गुडघ्यावर बसला. तो आवाज मला मागे माझ्या जागेवर ऐकू आला. गोल झाला होता. लोक सुभेदारांना खांद्यावर घेऊन नाचत होते आणि भाऊ मातीत पडून हसायचा प्रयत्न करत होता.

पाय गेला तो गेलाच. सुभेदार घरी येऊन गेले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या हातासाठी भावाचे डोळे भरून आले. मला त्या दिवशी जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

पुढच्या वर्षी मॅनेजर निवडायला सभा भरली. कौलाची गरजच पडली नाही. सुभेदारांचं नाव निघाल्याबरोबर पहिला हात वर गेला तो माझ्या भावाचा. दुसऱ्या हाताने त्याने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "वर कर की, अण्णा. सगळे बघायलेत."