पडद्यावरचं सगळ्यात मोठं उत्तर

सहावीच्या वाचनतासाला ग्रंथपाल बाईंनी गोष्ट अर्धी वाचली आणि मुलांच्या हातात शाळेचे टॅब दिले. गोष्टीतला मुलगा घाबरतो आणि धावत जाऊन आजोबांना सांगतो. बाईंचा प्रश्न सोपा होता: घाबरल्यावर तुम्ही कोणाला सांगता? उत्तर नाव न घालता लिहायचं. जे उत्तर जास्त मुलं देतील, ते समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर मोठं होत जाणार होतं.

सुरुवातीला ‘आई’ मोठी होती. मग ‘ताई’ आली, कुणाचा तरी ‘मोती कुत्रा’ आला आणि वर्ग हसला. तेवढ्यात कोपऱ्यातलं ‘कोणालाच नाही’ वाढू लागलं. त्याने ताईला मागे टाकलं, मग आईलाही.

“ए, हे जिंकतंय बघ,” मागच्या बाकावरून आवाज आला. सामना पाहावा तशा टाळ्या पडू लागल्या.

बाईंचा हात माउसवर तसाच राहिला. प्रत्येकाने आपापल्यापुरतं लिहिलेलं आता सगळी भिंत व्यापून बसलं होतं. यंत्राने फक्त बेरीज केली होती. या मुलांना रोज पाहणाऱ्या मोठ्यांपैकी ती बेरीज कोणीच केली नव्हती.

“बाई, कोणी लिहिलं ते तुम्हाला कळतं?” पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“नाही गं.”

“मग बरंय.”

टाळ्या थांबल्या. घंटा झाली. बाईंनी पडदा बंद केला आणि त्या शक्य तितक्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “ज्यांना पुस्तक बदलायचंय, त्यांनी थांबा.”

टेबलापुढे रांग लागली. बदलायला हातात पुस्तकच नसलेली मुलंही त्या रांगेत उभी होती.