मेणाचं बोंड

आमचे नागूकाका गाणं ऐकायला बसले की घरात साप निघाला तरी त्यांना सांगायची सोय नसे. उजव्या कानात मेणाचं बोंड, डाव्या कानात कापूस, मांडीवर ट्रान्झिस्टर आणि डोळे मिटलेले. काकू चुलीपुढून म्हणायची, "ह्ये परत आले की सांगा, मंग वाढते." मी त्यांचा सख्खा पुतण्या. माणूस देवासारखा, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. पण आपल्याला गोड लागलं ते दुसऱ्याच्या तोंडात कोंबल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, हेही तितकंच खरं.

आमचं गाव पाताळगंगेच्या काठी, खालापूर तालुक्यात. भाताची शेती होतीच, पण रसायनीला कारखाने उभे राहिले तशी घरटी एकेक सायकल डबा लटकवून तिकडे जाऊ लागली. नागूकाका तिथे कॉम्प्रेसरवर लागले. यंत्र दिवसभर धडधडायचं, आणि काकांची डावी बाजू नेमकी यंत्राकडे. दोन-तीन वर्षांत तो कान मंद झाला. त्याच खात्यात मिरजेकडचा एक फिटर होता. जेवणाच्या सुट्टीत तो रेडिओवर शास्त्रीय गाणं लावी. बाकीचे ओरडायचे, "बंद कर रं त्ये, दाढ दुखतीय का त्या बाईची?" काका मात्र घास हातात धरून ऐकत राहायचे.

मग त्यांनी स्वतःचा ट्रान्झिस्टर घेतला, पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढलं. खोक्यात एक इअरफोन निघाला. एकाच कानाचा, पिवळट पांढरा, बोराएवढा. घरात आम्ही त्याला बोंड म्हणायला लागलो, कारण दुसरं काही सुचलं नाही. काकांना त्याचा फार उपयोग वाटला. घर भरलेलं, पोरं दंगा करणारी, शेजारचा गजा सिनेमाची गाणी लावा म्हणून हटून बसणारा. बोंड कानात घातलं की सगळ्यांची कटकट मिटली.

पण ते बोंड काही कानात ठरेना. जबडा हलला की गळून पडे. आवाजही येई तो डास गुणगुणल्यासारखा, वरचा वरचा. तबल्याची नुसती टिकटिक, डग्गा गायबच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, एवढ्याशा वस्तूकडून अजून काय मागायचं. काकांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन आणखी दोन तऱ्हेचे इअरफोन आणले. तिन्ही आलटून पालटून घालून बघितले. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की इअरफोन कुठला हा पुढचा प्रश्न आहे. कान नीट बंद होत नाही तोवर तिन्ही सारखेच फुटके.

मग काय, घरात दुसरं बोलणंच नाही. बोंडावर धोतराची चिंधी गुंडाळून झाली. औषधाच्या बाटलीचं बूच कोरून झालं. सायकलची व्हॉल्व्हट्यूब चढवून झाली, ती कानात टोचायची. शेवटी कर्जतकडच्या कोंडाण्याच्या डोंगरात मध काढणाऱ्यांकडून त्यांनी मेण आणलं. मेण कोमट करायचं, करंगळीएवढी वळी करायची, तिच्यात आधी दोरा घालून ठेवायचा. मग डाव्या हाताने डोक्यामागून उजवा कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते, आणि तोंड उघडून वळी हळूहळू आत सारायची. निवली की दोऱ्याने ओढून काढायची आणि छत्रीची काडी तापवून तिच्यात आरपार भोक पाडायचं. त्या मेणाच्या मागच्या टोकाला इअरफोन बसवला की झालं. दोरा का, तर पहिल्या वेळी त्यांनी तो घातला नव्हता आणि मेण आतच अडकलं. कर्जतच्या डॉक्टरांनी चिमट्याने मेण काढलं आणि वर म्हणाले, "नागोबा, पुढच्या वेळी मेणबत्तीच घाला, निदान उजेड तरी पडेल."

ते मेणाचं बोंड खोल बसलं आणि काकांचं जग बदललं. बाहेरचा आवाज पार गेला. डग्गा आला, तोही पोटात घुमणारा. आवाजाचं चाक अगदी कमी ठेवूनही पुरायचं. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येऊ लागल्या. गाणारी बाई आवंढा गिळायची तोही त्यांना कळे. कधी बोंड काढून आम्हाला बातमी द्यायचे, "आज सारंगीवाल्याला सर्दी हाय." आम्ही हसायचो. पण त्यांच्या तोंडावर जे सुख असे, ते पाहून हसू आवरायचं.

आता आत्याविषयी सांगायला हवं. सोनुबाई, काकांची थोरली बहीण. काका तिला बाय म्हणत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आजी लवकर गेली, तेव्हा नागूकाकांना हिनेच कडेवर वाढवलं. आणि आत्या धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांत तेव्हा धवलारणीशिवाय लग्न लागत नसे. हळदीपासून वरात दारातून निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं तिचं गाणं असे, धवला म्हणतात त्याला. मांडवात बसून ती एकेका देवाला नाव घेऊन हाक मारी, कुठल्या वाटेने ये, कुठल्या दारातून शिर, हेही सांगे. तिने हाक मारली की देव आले, असं धरायचं, आणि मग पुढचं कार्य. हे सगळं तोंडपाठ, सासूच्या सासूकडून आलेलं.

आत्याचा आवाज गोड नव्हता. रुंद, थोडा घोगरा, नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. चालही साधी, दम संपेल तिथे ओळ संपायची. पण ती गाऊ लागली की नवरीच्या आईच्या डोळ्यांना धार लागे. चौक गावापासून कर्जतपर्यंत लोक आधी आत्याला विचारत, "बाय, अमक्या दिवशी मोकळी हायस का?" आणि मग लग्नाची तारीख धरत. घरात तिला फारसं कुणी विचारत नव्हतं, खरं सांगायचं तर. भांडी घासणारी, गुरांना पाणी दाखवणारी एक बाई. मांडवात मात्र तिला पहिला पाट.

नागूकाकांचा तिच्यावर फार जीव. आपल्याला एवढं सुख मिळतं आणि बायला त्यातलं काहीच नाही, याची त्यांना हुरहुर लागली. एका रविवारी सकाळी त्यांनी तिला पडवीत बसवलं आणि तिच्या कानाचं मेण काढलं. आत्या गुदगुल्या होऊन पोरीसारखी हसत होती. "मेल्या, कानाचं काय लोनचं घालतोस का?" काका गंभीर. कान ओढला, मेण सारलं, निवायला थांबले, काढलं, भोक पाडलं. मग स्वतःचं बोंड उतरवून तिच्या मेणावर इअरफोन बसवला आणि सकाळच्या सभेतली एक म्हातारी गायिका तिच्या कानात सोडली.

आत्या हसायची थांबली. बराच वेळ हलली नाही. मग म्हणाली, "नागू, ही बाई एकच सूर धरून बसलीय रं. इतका येळ. हालत नाय."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. "आता कललं ना बाय, गानं म्हंजे काय त्ये?"

हे वाक्य त्यांनी आनंदाने म्हटलं होतं. मी तिथेच होतो, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण शब्द सुटला तो सुटला.

मग रोज सकाळी ते बोंड भावाबहिणीत फिरू लागलं. पाळीवर जायच्या आधी काका, नंतर आत्या. काकूला राग यायचा, पण आत्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं, म्हणून ती गप्प बसे. आणि एक दिवस काकांना नवी खुबी सापडली. कान खोल बंद असला की आपला स्वतःचा आवाज आतल्या आत मोठा घुमतो. विहिरीत वाकून हाक मारल्यावर घुमतो तसा. रेडिओत तंबोरा लागला की काका हुं हुं करून आपला सूर त्याला भिडवून बघत. बरोबर जुळला तर दोन्ही एक होत, नाहीतर आत खरखर माजे. झालं, ही खुबी बायला दाखवायलाच हवी.

"बाय, म्हन बघू तुजा धवला. तंबोऱ्याला लावून म्हन."

आत्याने देवाला घालायची हाक काढली. मांडवात काढते तशीच. दोन ओळी म्हणाली. थांबली. पुन्हा खालून सुरू केलं, पुन्हा थांबली. काका तिच्या तोंडाकडे बघत होते, आता हसेल, आता हसेल म्हणून. तिने दोरा धरून मेण काढलं, पदराने पुसलं आणि काकांच्या हातात ठेवलं. "गुरांना पानी दावायचंय," म्हणाली आणि उठली.

मला त्यातलं आज कळतं ते असं. धवला तंबोऱ्यासाठी केलेलाच नाही. तो बाईच्या दमावर चालतो, दम जिथे जाईल तिथे सूर जातो. कोयत्याने दाढी करायला जावं आणि कोयत्याला बोथट म्हणावं, तसला तो प्रकार. पण हे सांगणारं तिथे कोण होतं? नागूकाकांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आत्याला एवढंच ऐकू आलं, की जन्मभर आपण खरखर करत होतो आणि लोकांनी भिडेपोटी पहिला पाट दिला.

त्या उन्हाळ्यात एका लग्नात ती मध्येच थांबली. घसा बसला म्हणाली. पुढच्या लग्नाला गेलीच नाही. काकूने ज्येष्ठमध दिला, हळद-दूध दिलं. काका कर्जतच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांनी घसा बघून सांगितलं की काही नाही. लोक वर्षभर येत राहिले, मग येईनासे झाले. तोवर लाऊडस्पीकरचा कर्णा आला होता. चौकचा कमळ्या बॅटरी आणि तबकड्या घेऊन यायचा. धवलारीण नाही म्हणून कुणाचं लग्न अडलं नाही. उलट तरण्या पोरांना बरंच वाटलं.

आत्याचा घसा बसलेला नाही, हे काकांना फार उशिरा उमगलं. शेतावर बांधाशी ती एका वासराला हाका मारत होती, तो आवाज जुनाच होता. तसाच रुंद. काका बांधावरच खाली बसले. मला हे त्यांनीच सांगितलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. त्यांना त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मैनाचं लग्न ठरलं तेव्हा काका बहिणीपुढे जाऊन बसले. मैना त्यांची एकुलती एक पोर, आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेली.

"बाय, माज्या मैनाला तरी तुजा धवला पाह्यजे."

"नागू, तूच दावलंस ना रं, गानं कसं असतं त्ये. माझं त्ये गानं नाय."

"मी चुकलो, बाय. मला काय अक्कल हाय? मी नुसता आयकनारा."

"चुकला नायस. मलाच आधी म्हाईत नव्हतं."

"देव काय सूर बघून येतात व्हय?"

आत्या म्हणाली, "येत असतील रं बाबा. पन आता त्यांना हाक मारायला मला लाज वाटते."

काका उठले आणि गोठ्यामागे जाऊन रडले. पन्नाशीचा माणूस. ट्रान्झिस्टर त्यांनी त्यानंतर फारसा लावला नाही. लावला तरी बोंड न घालता, बारीक आवाजात, सगळ्यांसारखा.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात माणूस मावत नव्हता. कमळ्याने कर्णा आंब्याला बांधला होता आणि सिनेमातलं नाचाचं गाणं चाललं होतं. पोरं घामाघूम होऊन नाचत होती. मैना पाटावर, अंगभर हळद. तिच्या मागे, खांबाला टेकून आत्या बसली होती. पदर तोंडाशी धरलेला. मी आणि काका दोघं पाण्याचं पिंप उचलून आत आलो आणि काका जागीच थांबले. पिंप माझ्या पायावर येता येता राहिलं.

आत्याचे ओठ हलत होते. पदराआड, मैनाच्या पाठीकडे बघत. मध्येच मान जरा वर व्हायची, देवाला हाक मारताना तिची पूर्वी व्हायची तशी. ओळीमागून ओळ चालली होती. कर्ण्याच्या दणदणाटात आमच्यापर्यंत एक अक्षर येत नव्हतं. काकांनी चांगला कान तिच्याकडे वळवला, दुसऱ्यावर हात ठेवला. काही नाही. मग ते माणसांना ढकलत कमळ्याकडे धावले आणि त्याला विचारायच्या आधीच तबकडीवरची सुई उचलली.

मांडव एकदम गप्प झाला. नाचणारी पोरं हात वर तसेच ठेवून थांबली. सगळ्यांनी वळून आधी काकांकडे पाहिलं, मग काका बघत होते तिकडे, आत्याकडे. तिचे ओठ मिटले. तिने पदर खाली घेतला, नीट खोचला आणि मैनाच्या खांद्यावर सांडलेली हळद बोटाने निपटू लागली.

"बाय," काका म्हणाले, "म्हन ना. कुनी काय म्हनत नाय. म्हन."

आत्याने नाही म्हणून मान हलवली. मग कमळ्याकडे पाहून म्हणाली, "लाव रं बाबा तुजं. पोरं नाचत व्हती."

कमळ्याने काकांकडे पाहिलं. ते बाजूला सरले, तेव्हा त्याने सुई खाली ठेवली.