बंधाऱ्यावरची बैठक

उन्हं तापायच्या आत जुळे सोलापुरातून सुरेखाच्या स्कूटरवर निघालो. सुरेखा माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, भीमेच्या काठावर. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. मला फक्त नदी पाहायची होती.

गावाजवळ आलो तर माणसं नदीकडे धावत होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कोयता. बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळ्या) काढायला पलीकडच्या, खालच्या अंगाच्या गावचे लोक आले होते. त्यांच्या विहिरी आटल्या होत्या, इकडे ऊस वाळत होता. बंधाऱ्यावर दोन्ही जमाव समोरासमोर उभे. आमच्या बाजूच्या एकाचं डोकं फुटलं होतं. मी सुरेखाचा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात तिची चुलती शांताकाकू गर्दी सारून पुढे निघाली.

"काकू, मागं फिर!" सुरेखा ओरडली.

"माझी लेक तितं दिलीया. मागं कुटं फिरू?"

पलीकडे सगळ्यांत पुढे, कुऱ्हाड घेऊन, तिच्या लेकीचा सासराच उभा होता. "बीगर, बर्री, कूड्री," (व्याही, या, बसा) असं कानडीत म्हणत काकू तापलेल्या सिमेंटवर बसली. तो हलला नाही.

"माज्या नातीला प्यायला पानी हाय का?"

"न्हाय," तो मराठीत म्हणाला. "पोरं गढूळ पित्यात."

काकू आपल्या मुलाकडे वळली. "म्हादेवा, ऐकलंस?"

"आन आपला ऊस, आई?"

"वाळंल थोडा. वाळू दे."

मग बराच वेळ आरडाओरडा चालला. डोकं फुटलेला माणूस तर शेवटपर्यंत बसला नाही. अखेर ठरलं: विहिरींना पाणी लागेपर्यंत एका गाळ्याचे (दोन खांबांमधल्या एका कप्प्याचे) बर्गे काढायचे, मग दोन्ही गावांनी मिळून बसवायचे. व्याह्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि महादेवबरोबर पहिला बर्गा ओढला. पाणी धडाडत सुटलं. मी तिथेच बसले.

दुपारी व्याही काकूंकडेच जेवले. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मीही आडवा हात मारला.

पाण्यावरून युद्धं होतील, असं मी नेहमी वाचत आले होते. परतताना वाटलं, ती सुरू कशी होतात हे आज हातभर अंतरावरून पाहिलं. पुढच्या उन्हाळ्याची खात्री कोण देणार?

घरी परतल्यावर काही दिवसांनी सुरेखाचा फोन आला. पलीकडच्या विहिरींना पाणी आलं होतं, बर्गे परत बसले होते.

"भांडण?" मी धास्तावून विचारलं.

"झालं की. व्याह्यांना जेवायला कुणी न्यायचं, यावरून!"

किती दिवसांनी मी इतकी मोकळी हसले.