दोन्ही गटांचा राजपंडित

कळंबच्या कॉलेजात मी संस्कृत शिकवतो. त्यामुळं मला भरपूर वेळ असतो, असं आमच्या गावाचं पक्कं मत आहे. एका वर्षी जत्रेत नाटक करायचं ठरलं आणि ते लिहायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. मी एक काल्पनिक राज्य रचलं. त्यात कपटी प्रधान राजाविरुद्ध कट करतो, राजपंडित तो उघडा पाडतो आणि राजा प्रधानाला वनवासाला धाडतो. राजपंडित अर्थातच मी.

राजा कोण, हा प्रश्नच नव्हता. सरपंचांनी मुकुटाचं माप आधीच देऊन ठेवलं होतं. प्रधानाचं काम माजी सरपंचांना द्यावं लागलं, कारण मांडव आणि लाउडस्पीकर त्यांच्या पुतण्याचा.

पहिल्याच तालमीत गाडं अडलं. प्रधानानं राजाला वाकून मुजरा करायचा होता. माजी सरपंच ताठ उभे.

"सर, ह्यांच्यापुढं म्या वाकू? माझी माणसं काय म्हणतील?"

"मंग म्या राजा कशाला झालोय?" सरपंच म्हणाले.

मी माजी सरपंचांना बाजूला घेतलं. "सिंहासनामागं येडाईचा फोटो लावतो. तुम्ही देवीला वाका." मग सरपंचांना सांगितलं, "प्रधान वाकायला तयार झालेत." दोघंही खूश. दरबारी राजकारण काही फार अवघड नसतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

नाटकाच्या दिवशी सरपंचांचा गट मांडवाच्या डाव्या बाजूला बसला, माजी सरपंचांचा उजव्या. मुजरा झकास झाला. मग राजानं वनवास फर्मावला. प्रधान मान खाली घालून निघाले, तेवढ्यात त्यांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "दादा, जाऊ नगा!"

दादा वळले. "न्हाय जात! आधी ग्रामसभा बोलवा."

शिट्ट्या पडल्या. राजा सिंहासनावरून उठला. "तुमच्या काळात कवा बोलवली हुती का?"

"पाण्याच्या टाकीचं काम कुणी अडवलं ते सांगा की!"

माझं राज्य बघता बघता ग्रामपंचायत झालं. शेवटी दोघंही माझ्याकडं वळले. "राजपंडित, शास्त्र काय म्हणतंय?"

माझी दाढी एका बाजूनं सुटली होती. ती हातानं धरून मी डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते खड्या आवाजात म्हणायला लागलो, "रामः रामौ रामाः, रामम् रामौ रामान्..." सगळ्या विभक्त्या होईपर्यंत मांडव चिडीचूप. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी तर हात जोडले.

"शास्त्र सांगतं," मी म्हणालो, "दोघांनीही वनवासाला जावं. तोवर राज्य राणी बघेल."

राणी म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या ताई. मी त्यांना अख्ख्या नाटकात एकच वाक्य दिलं होतं. त्या तडक सिंहासनावर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "टाकीचं काम आधी. उद्या सकाळी दोघंबी पंचायतीत या."

बायकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. आता दोघांना जाणं भाग होतं. पण दुसऱ्याच्या मागून कोण जाणार? दोघं एकदमच विंगेच्या अरुंद वाटेत घुसले आणि पडद्यासकट खाली आले.

दुसऱ्या दिवशी ताई खरंच बायकांना घेऊन पंचायतीत गेल्या. टाकीचं काम त्याच उन्हाळ्यात सुरू झालं. मला मात्र बरेच दिवस दोन्ही गटांनी चहाला विचारलं नाही, आणि पुढच्या जत्रेला सरळ ऑर्केस्ट्रा आणला.