चेंडिन व्यवहार

हुबळीच्या स्टँडवर पणजीची बस लागली तेव्हा अप्पांनी माझी ट्रंक टपावर चढवली, खाली उतरून हात झटकले आणि एवढंच विचारलं, "कोण विचारलं तर काय सांगू गं मी?"

एकोणीस वर्षांची मुलगी घर सोडून गोव्याला फुटबॉल खेळायला चाललीय, हे जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत सांगायचं कसं? मुलींनी खेळावं ते खो-खो, तेही शाळेपुरतं. अप्पांचं भांड्यांचं दुकान, आणि माझ्या पाठची बहीण सुमा लग्नाची. "तुझ्या पायापायी तिचं कुठं अडायला नको," आई लाडू डब्यात भरता भरता म्हणाली होती. रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती हळूच म्हणाली, म्हणून ते माझ्याबरोबर बसमध्ये चढलं. तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना हे ओझं ठाऊक असेल. जे मागे राहिले त्यांनाही कळावं म्हणून लिहितेय.

गोव्यात मी लेफ्ट बॅक झाले. टीम बायकांची, पण जर्स्या पुरुषांच्या टीमनं टाकून दिलेल्या. माझी गुडघ्यापर्यंत यायची. बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबायचा. मैदानात "चल गो! बॉल सोड गो!" असा कोकणी आरडाओरडा, आणि मी चिडले की माझ्या तोंडून कन्नड. रेफरीला ते कळायचं नाही, हे बरंच होतं. पुढे राज्याच्या टीममध्ये आले, खेळाडूंच्या कोट्यातून कचेरीत नोकरी लागली. तरी दर रविवारी एसटीडी बूथमध्ये शिरले की माझा पहिला प्रश्न एकच: "सुमाचं काय?"

सुमाचं जमलं. कलघटगीचं किराणा दुकानवाल्यांचं घर. दोन्हीकडची माणसं घरात मराठी, पण दुकानदार, त्यामुळे व्यवहाराचं बोलणं कन्नडमधून. थोरली गोव्यात काय करते, असं विचारल्यावर अप्पा घाम पुसत म्हणाले, "चेंडिन व्यवहार." म्हणजे चेंडूचा धंदा. आता कन्नडमध्ये चेंडू म्हणजे आपला खेळायचा चेंडूही आणि झेंडूचं फूलही. आमच्या भागातला झेंडू दसऱ्याला गोव्याला जातोच. पाहुण्यांनी फुलांचा धंदा समजून माना डोलावल्या आणि अप्पा गप्प बसले. "मी खोटं कुठं बोललो?" हे त्यांचं म्हणणं अजून आहे.

मग व्याह्यांनी निरोप धाडला, मांडवाची फुलं थोरलीकडूनच येऊ देत.

फोनवर हे ऐकून मला हसू आलं. लग्नाच्या सकाळी मी बसमधून उतरले, हुबळीच्याच बाजारातून दोन पोती झेंडू घेतला आणि गोव्याचा म्हणून मांडवात नेला. व्याह्यांनी एक फूल उचलून कुस्करलं. "भरीव आहे. बी कुठलं?"

मला बी काय माहीत! पलीकडे सुमा हळदीच्या अंगानं बघत उभी. माझ्या पायापायीच हे मोडणार, असं वाटलं. तेवढ्यात अप्पा मध्ये आले. आवाज कापत होता, पण चांगला मोठा होता. "हू चेंडु अल्ल, बीगरे. फुलाचा चेंडू नव्हे व्याही, पायाचा. माझी थोरली फुटबॉल खेळती."

व्याही बघतच राहिले. "एवढंच होय? आम्हाला वाटलं, पोरगी कुणाबरोबर पळून गेलीय आणि तुम्ही झाकायलाय. म्हणून तर फुलं मागितली. त्या निमित्तानं तरी बहिणीच्या लग्नाला बोलवाल तिला."

म्हणजे पळून गेलेल्या मुलीची बहीणही त्यांना चालणार होती! मी पोत्यावरच बसले आणि हसता हसता रडले. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी सहज बाजूला केला होता. अक्षता पडल्या तेव्हा सगळ्यांत मोठ्या टाळ्या माझ्या होत्या.

आता माझा गुडघा गेलाय. मैदानाच्या कडेला उभी राहून मुलींना शिकवते, त्यांचे बूट त्यांच्या मापाचे असतात. स्वयंपाकघर गोव्यात, भाडेपावती गोव्यात, स्वप्नंसुद्धा अर्धी कोकणीत. पण हुबळीला गेले की अप्पा निघालेल्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगतात, "ही माझी थोरली. फुटबॉल खेळती."

"अप्पा, आता खेळत नाही मी. शिकवते."

"ते तिकडं," अप्पा म्हणतात. "इथं तू खेळतीस."