टोपी एक, फेकण्यासाठी

हरिश्चंद्रगडाची इतकी खडान्‌खडा माहिती असलेला दुसरा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नव्हता, आणि गडावर एकदाही पाऊल न ठेवता एवढी माहिती जमवलेला तर साऱ्या मुलखात नसेल. आमचे स्टोअरकाका. नागापूरच्या ज्या कारखान्यात मी लेथवर होतो, तिथल्या स्टोअरचे ते राजे. चिठ्ठीवाचून एक वायसर बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. एकदा खुद्द मालकांना चार खिळ्यांसाठी दारात उभं ठेवलं होतं. जन्म नगरच्याच कर्जतकडचा, म्हणजे जिथं ढेकळाहून उंच काही नजरेला पडत नाही तिथला. पण डोक्यात कायम डोंगर.

मी देगलूरकडचा, सातवीतून शाळा सुटलेला. सत्तर साल उलटून गेलं होतं तेव्हा. नगरला उतरलो तेव्हा नागापूरचा रस्ता तीन माणसांना विचारला आणि तिघांनी एकच सांगितलं तरी चौथ्याला विचारलं. कारखान्याच्या फाटकाशी आलो आणि आत जायचा धीर होईना म्हणून तासभर उभाच. काकांनी खिडकीतून पाहिलं, दंडाला धरून आत नेलं आणि नाव विचारायच्या आधी स्टोअरच्या काट्यावर उभं केलं. "त्रेचाळीस! आरं, पंख्याखाली उभा राहू नको, उडशील." मग फोरमनला हाक मारून म्हणाले, "पोरगं माझ्या वळखीचं हाय. चांगलं हाय." ओळख होऊन तीन मिनिटं झाली होती. त्या तीन मिनिटांवर माझं पुढचं आयुष्य उभं आहे, म्हणून आज त्यांच्यावर हसतोय तेही जरा दबकतच.

गडाची तयारी अकरा वर्षं चालली होती. टेम्पोच्या जुन्या ताडपत्रीची सॅक त्यांनी स्वतः दाभणानं शिवलेली. त्यांच्या शास्त्रानुसार माणसानं आपल्या वजनाच्या चौथाईवर ओझं उचलू नये, म्हणून सॅक साडेबारा किलोची, एक ग्रॅम इकडं नाही की तिकडं नाही. त्यासाठी दात घासायचा ब्रश निम्मा कापला, कंगव्याचे मागचे दात काढले, काडेपेटीतल्या काड्या मोजून मेणात बुडवल्या. रेनकोटाची परीक्षा म्हणून ते अंगणातल्या नळाखाली पाटावर अर्धा तास मांडी घालून बसले, तेव्हा काकू दारातून म्हणाल्या, "साबण बी देऊ का? बसलाच हायसा तर." सॅकमधल्या सामानाची यादी झाकणाच्या आतून शिवलेली होती. तिच्यात सर्वांत शेवटी लिहिलं होतं : 'टोपी एक, फेकण्यासाठी.' मी भीतभीत विचारलं. काकांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग खालच्या आवाजात म्हणाले, "कोकणकड्यावरनं खाली काय बी टाकलं ना, तर वारा ते परत वर आणून देतो. मला पुण्याच्या एका कंडक्टरनं सांगितलंय. आपन बघायचं. डोक्यावरची टाकून रिकामं यायला नको, म्हनून जादा टोपी."

ही कंडक्टर मंडळी म्हणजे काकांचं विद्यापीठ. रविवारी ते एस.टी. स्टँडवर जायचे आणि अकोले-राजूरकडचा माणूस दिसला की त्याला चहा पाजून गडाची वाट वदवून घ्यायचे. एका बिचाऱ्याची गाडी काकांच्या तिसऱ्या प्रश्नातच सुटून गेली. दुसरी लागेपर्यंत काकांना आणखी अठरा प्रश्न विचारता आले. त्यातून त्यांनी खाकी कागदावर नकाशा केला होता. त्याच्यावर नाले, ओढे होतेच, शिवाय 'इथं कुत्रं भुंकतं, चावत नाही' आणि 'इथं म्हातारी ताक देते' अशाही नोंदी होत्या.

जोडीदार म्हणून त्यांनी मला धरलं होतं. अडचण एकच, साडेबाराच्या चौपट न भरणारं माझं वजन. "पन्नास भर, की त्या शनिवारी निघू." मग मला खाऊ घालायची मोहीम सुरू झाली. काकूंच्या डब्यात माझ्या भाकऱ्या दोनाच्या चार झाल्या, वर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मला काट्यावर चढवायचे. पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास. आणि तिथंच सगळं अडलं. तीन महिने एकोणपन्नास. माझ्या शर्टाची बटणं तुटत होती, विजार कमरेला बसेना, पण काटा हलेना. आपल्यापायी अकरा वर्षांची मोहीम अडली या विचारानं मला घास गिळेनासा झाला, आणि घास गिळेना म्हणून वजन उतरेल याची आणखी धास्ती.

अशात गावाकडून आलेल्या मामांना गाडीत बसवायला नगर स्टेशनात गेलो. तिथं नाणं टाकून वजन करायचं लाल दिव्यांचं यंत्र होतं. चढलो. खटकन तिकीट पडलं : बावन्न किलो. मागं भविष्य, 'शीघ्र ही यात्रा का योग है.' मी धावतच काकांच्या घरी. काका दळणाला गेले होते. काकूंनी तिकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"तुला सांगू नको म्हनले हुते," त्या म्हणाल्या. "चार महिने झालं. डॉक्टरनं ह्यांची छाती बघितली. डोंगर तर सोडच, जिना बी चढायचा न्हाई."

मी तसाच परत फिरलो. सोमवारी काका चहाला गेले तेव्हा वीस किलोचं शिक्क्याचं वजन काट्यावर ठेवून पाहिलं. बरोबर वीस. चक्रावलोच. पुढच्या पहिल्या शनिवारी मात्र सुट्टीच्या पाच मिनिटं आधी गेलो, तर काका पाठमोरे, पेचकस घेऊन काट्याच्या मागचा स्क्रू पिळत होते. चार खिळ्यांसाठी मालकाला अडवणारा माणूस! मी मागच्या मागं सरलो, बाहेरून मोठ्यांदा खाकरलो आणि आत जाऊन काट्यावर उभा राहिलो. तिकीट खिशातच होतं.

"किती?" काकांनी विचारलं. काट्याकडं पाहिलं नाही.

"एकोणपन्नास, काका. माझ्यामुळं अडलंय सगळं."

"असू दे रं." त्यांचा चेहरा सैल पडला. "डोंगर काय पळून जातोय व्हय? काकूला सांगतो, तूप वाढवायला."

वर्षभर मी एकोणपन्नास राहिलो. त्या वर्षभरात आम्ही नकाशा दोनदा नव्यानं काढला, आणि काडेपेटीतली एक काडी कमी केली.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी काकांनी स्वतःच काट्याकडं पाहिलं. "पंचावन्न," म्हणाले. स्क्रू जागेवर होता. मग सॅक माझ्या पाठीवर चढवली, पट्टे तीनदा ओढून पाहिले आणि म्हणाले, "दोघांचं काम एकट्यानं करून ये."

गेलो. राजूरपर्यंत एस.टी., पुढं पायी. कुत्रं भुंकलं, चावलं नाही. म्हातारीनं ताक दिलं. कोकणकड्यावर पालथा पडून, डोळे मिटून मी ती टोपी खाली सोडली. डोळे उघडतो तो ती माझ्या डोक्यावरून मागं जाऊन गवतात पडली होती.

परत आलो तेव्हा काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. टोपी हातात घेऊन बराच वेळ आतून बाहेरून पाहिली, जणू वारा कुठं चिकटलाय का ते बघत होते.

"दुसऱ्यांदा टाकलीस का?"

"नाही, काका."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून दोन्ही हातांनी नीट बसवली.