स्वयंपाकघरापर्यंतचा श्वास

त्या सोमवारी सकाळी पुण्याच्या इस्पितळात खेळाच्या सरांच्या फुप्फुसाचा एक भाग काढला. दुपारी ते शुद्धीवर आले. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि ती मला ऐकू आली नाही.

सरांची हाक ऐकू न येणं ही गोष्ट शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत त्यापूर्वी कधी घडलेली नव्हती. शिरूरच्या शाळेत ते खेळ शिकवायचे आणि मी ग्रंथालय सांभाळायचो. मैदानाच्या पार टोकाला ते कबड्डी घेत, तेव्हा माझ्या कपाटांच्या काचा थरथरत. माणसाची पारख ते दमावरून करत. एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत कोण किती लांब जातो, एवढंच त्यांना बघायचं असे. अंतरंही ते तशीच मोजत. एसटी स्टँड ते शाळा चार दम, शाळा ते टपाल कचेरी अडीच. ‘कबड्डी, कबड्डी’ पुटपुटत ते रस्त्यानं निघाले की नवख्या माणसाला वाटे, मास्तर कुणाला तरी शिव्या देत चाललेत. त्यांच्या मुलीला बघायला मुलगा आला, तर त्याचं शिक्षण, शेती काही विचारलं नाही. अंगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्याला एका दमात चालायला लावलं. तो बिचारा हौदापाशीच थांबला. “दम कमी हाय,” सर म्हणाले, “पण मधी चोरून श्वास घेतला न्हाई. पोरगं सरळ हाय.” लग्न ठरलं, आणि जावई खरोखर सरळ निघाला.

वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, तरुणपणापासूनच कमी ऐकू येई. कानाचं यंत्र आणलं होतं, पण त्यात सारख्या शिट्ट्या वाजतात म्हणून त्यांनी ते साड्यांच्या खाली ठेवून दिलं. त्यांना नीट ऐकू येणारा माणूस एकच. निवृत्तीनंतर दोघं दौंडला राहायला गेली. सर ओसरीतल्या खुर्चीवरून बोलत आणि वहिनी स्वयंपाकघरातून उत्तर देत. मधे दोन खोल्या. त्या घरात आज भाजी कुठली, भांडण कशावरून, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असे. कोथिंबीर संपली का, असं सरांनी ओरडून विचारलं, की शेजारीण न सांगता जुडी आणून देई.

ऑपरेशननंतर ते घर गप्प झालं. उरलेलं फुप्फुस नीट फुगलं नाही तर आत कफ साठेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरांना कफाची भीती नव्हती. मी पहिल्या गुरुवारी शिरूरहून गेलो, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. “ग्रंथपाल,” ते कुजबुजले. त्यांना तेवढंच जमत होतं. “हिला माझं ऐकू जात न्हाई वो. मी बोलतोय, आन् ही पाठ करून भाकऱ्या थापतीय. हितनं आत आवाज गेला पायजे. बाकी काय न्हाई मागत.”

इस्पितळानं एक यंत्र दिलं होतं. प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक चेंडू, बाजूला नळी. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढायचे. पण सरांनी आयुष्यभर दम बाहेर सोडायला शिकवलं होतं. नळी तोंडात गेली की ते छाती भरून फुंकत. फिजिओथेरपीवाली पोरगी घरी येऊन “काका, ओढा, फुंकू नका” असं सांगून जाई, आणि ती फाटकाबाहेर पडताच सर पुन्हा फुंकायला लागत. “आत घ्यायला काय शिकायचं असतंय व्हय? ते आपोआप व्हतं,” असं त्यांचं म्हणणं. चेंडू जड आहेत, असाही त्यांना संशय होता. एकदा मला तिन्ही चेंडू वर गेलेले दाखवले. मी पुस्तकातला माणूस असलो तरी उलटं धरलेलं यंत्र मला ओळखता येतं.

असे तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी वहिनी चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात धरूनच सरांची फुंकाफुंक बघत राहिल्या.

“अवो, चेंडू हालंना की!”

सरांनी मान हलवली.

“बशीतला च्या कसा वडता? मला बहिरीला ऐकू येतं तेवढं! तसंच वडा की ह्यातनं.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, नळी तोंडात धरली आणि भुरका मारला. पहिला चेंडू टणकन वर गेला. पंचानं आपल्याविरुद्ध दिलेला पण बरोबर असलेला निर्णय ऐकावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग ते दर तासाला बसू लागले. दहा श्वास, मग छातीशी उशी दाबून खोकायचं, मग विश्रांती. भुरका जरा सावकाश मारायचा, एवढी दुरुस्ती त्या पोरीनं केली. दुखायचं, ते कपाळावर दिसायचं. आषाढात दुसरा चेंडू चढला. तिसरा काही हलला नाही. “ऱ्हाऊ द्या,” सर म्हणाले, “त्यो राखीव खेळाडू.”

त्याच महिन्यातल्या एका गुरुवारी मी ओसरीत चपला काढत असताना सरांनी खुर्चीचे हात धरले आणि हाक दिली, “अगं, ग्रंथपाल आलेत... च्या टाक!” मधे एकदा श्वास घ्यावा लागला. आम्ही दोघं आतल्या दाराकडे बघत राहिलो.

“टाकलाय कवाच!” आतून आलं. “वरडू नका, टाके उसवत्याल!”

सरांनी लगेच पुन्हा हाक मारली. काम काहीच नव्हतं.

पुढच्या माघात सर गेले, हृदयाच्या दुखण्यानं. फुप्फुस शेवटपर्यंत चांगलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. कुणीतरी ते लिहून ठेवावं असं सरांना वाटलं असतं, म्हणून इथे लिहितो.

मी अजूनही गुरुवारी दौंडला जातो. माझा आवाज जन्मभर ग्रंथालयातला. ओसरीतून तो आत पोचत नाही. मी सरळ स्वयंपाकघरात जातो, वहिनींच्या समोर बसतो, आणि त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं की बोलतो.